छिन्नमनस्कता : वंशावळीतील शोध आणि समाजाचे देणे

(व्याख्यानाचा संपादित अंश)



एखाद्या घरात छिन्नमनस्कतेचा, म्हणजेच स्किझोफ्रेनियाचा, रुग्ण असला की त्याच्या भावंडांच्या विवाहाच्या बोलणीत ‘हे घराण्यात आहे का?’ हा प्रश्न हमखास निघतो. विज्ञानही गेली अनेक दशके हाच प्रश्न विचारीत आले आहे. त्याला मिळालेले उत्तर मात्र समाजाच्या समजुतीहून बरेच वेगळे आहे.

हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे सुमारे १ टक्का असते. आई, वडील किंवा सख्खे भावंड रुग्ण असल्यास ती १० टक्क्यांच्या आसपास जाते. संगोपनातील दोषामुळे, विशेषतः आईच्या वागणुकीमुळे हा आजार होतो, असे एके काळी मानले जाई. डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींच्या अभ्यासाने १९६८ साली या समजुतीला धक्का दिला. आजाराचे प्रमाण दत्तक घराण्यात नव्हे, तर जन्मदात्या घराण्यात अधिक आढळले. तथापि समरूप जुळ्यांपैकी एकास आजार असला, तरी दुसऱ्यास तो सुमारे निम्म्या वेळाच होतो. अर्थात आनुवंशिकता प्रबळ असली, तरी ती एकमेव कारण नव्हे.

यानंतर अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांत एका दोषी जनुकाचा शोध सुरू झाला. १९८८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. आइसलंड व ब्रिटनमधील कुटुंबांत पाचव्या गुणसूत्राकडे निर्देश झाला. स्वीडनमधील वंशावळीत मात्र त्याला आधार मिळाला नाही. १९९० मध्ये एका स्कॉटिश कुटुंबात पहिल्या व अकराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल आजाराशी निगडित आढळली. परंतु ते आजाराचे सर्वसाधारण कारण ठरले नाही.

तेव्हा संशोधनाने दिशा बदलली. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातील १०८ स्थाने आढळली. २०२२ मध्ये सुमारे ७७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून २८७. यांतील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प असून असे असंख्य सूक्ष्म फरक निरोगी माणसांतही असतात. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळण्यासारखे मोठे दोष विरळा असतात आणि तेही बहुधा आईवडिलांकडून न येता नव्यानेच उद्भवतात. बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. एखाद्याला आजार होईलच, असे खात्रीने सांगणारी जनुकीय चाचणी आजही उपलब्ध नाही. म्हणूनच घराण्यावर ठपका ठेवण्यास विज्ञानाचा आधार नाही.

आता या शोधाचा ताळेबंद पाहू. रक्ताचे नमुने दिले, घरातील दुःख उघड केले, ते कुटुंबांनी. त्यांना परतफेड कोणती? जागतिक अभ्यासांतील बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. या दृष्टीने बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने सहयोगी संस्थांसमवेत भारतीय कुटुंबांचा हाती घेतलेला अभ्यास मोलाचा ठरतो. परंतु ज्ञानाचे फळ हाती येण्यास कालावधी लागतो. उपचार मात्र आजच उपलब्ध आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक व्यक्ती उपचारांवाचून असल्याचे दिसले. रुग्ण रोजगार गमावतो, त्याची काळजी घेणारी आई किंवा पत्नी आपली मजुरी गमावते आणि हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारांचा हक्क दिला आहे. २०२२ पासून १४४११६ नव्हे, तर १४४१६ या पाच अंकी क्रमांकावर ‘टेलि-मानस’ सेवा मिळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून औषधे व समुपदेशन तालुक्यापर्यंत नियमित पोहोचले, तर या कुटुंबांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.