धूळ शेवटी जाते कुठं?



दसरा-दिवाळीच्या आधी घर झाडून काढायचं काम आपल्यापैकी कुणालाच चुकत नाही. जळमटं, पंखे, माळ्यावरचे डबे, गाद्या, गोधड्या. त्याच दिवसांत शेतात सोयाबीनची रास चाललेली असते. मळणी यंत्राचा भुसा वाऱ्यावर गावापर्यंत येतो. आमचं घर अहमदपुरात मोठ्या रस्त्याच्या कडेला. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं, इतकी धूळ बसते.

त्यात आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, दमा. डॉक्टर म्हणाले, घरात धूळ उडू देऊ नका. म्हणून आम्ही व्हॅक्युम क्लीनर घेतला. चाकांवर मागं मागं फिरणारा डबा आणि पुढं लांब नळी, असा तो. पहिल्या आठवड्यात मी फार खूश होते. मग त्याची कापडी पिशवी भरली. मी ती अंगणात नेली आणि सतरंजी झटकावी तशी झटकली. वारा घराकडं होता. आत्याबाई ओसरीवर तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

त्या रात्री त्यांना इतका दम लागला, की पहाटेपर्यंत पाठीशी उशा लावून आम्ही त्यांना बसवून ठेवलं. आठवडाभर कोपऱ्याकोपऱ्यातून गोळा केलेली धूळ मी एका झटक्यात त्यांच्या छातीत नेऊन घातली होती. यंत्राचा दोष नव्हता. धूळ शेवटी जाते कुठं, हे मी विचारलंच नव्हतं.

या यंत्राच्या जन्माशीही दम्याचा संबंध आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढणारं यंत्र केलं, पण ते एवढं मोठं की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभं करायचे आणि नळ्या खिडकीतून घरात घ्यायचे. घरात वापरता येईल असं यंत्र अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर यांनी केलं. ते एका दुकानात झाडलोट करायचे आणि त्यांना दमा होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी ते बनवलं. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे झाडणाऱ्याच्या खोकल्यातूनच हे यंत्र आलं. आपल्याकडं १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली आणि तिच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन हे यंत्र घराघरांत दाखवलं.

पुढं माझ्या धाकट्या जाऊनं नांदेडला दुसरं यंत्र घेतलं. त्यात पिशवी नाही, पारदर्शक डबा आहे. दिवाळीला दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून आम्ही पाहिली. तिच्या डब्यात किती घाण निघाली ते दिसतं, पिशवीचा खर्च नाही. पण डबा उघडला की बारीक धूळ वर येते आणि फिल्टर वरचेवर धुवावा लागतो. धुतलेला फिल्टर पुरा दिवसभर वाळल्याशिवाय बसवायचा नाही. ओला बसवला की वास येतो आणि यंत्र बिघडतं. शिवाय धुवायला पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते आपण कुणी विसरलेलो नाही.

माझ्या यंत्राला आता कापडी पिशवीऐवजी टाकून द्यायची पिशवी लावते. भरली की तोंड बंद करून तशीच कचऱ्यात. दमेकरी असलेल्या घरात मला हीच सोय बरी वाटते. पण घेण्याआधी दुकानदाराला विचारा, की या पिशव्या इथं मिळतात का आणि केवढ्याला. पिशवी मिळाली नाही, तर यंत्र माळ्यावर जाऊन बसतं.

दुसरं विचारायचं ते फिल्टरचं. पिशवीतून सुटलेली बारीक धूळ मागच्या वाऱ्याबरोबर पुन्हा घरात येते. ती अडवायला हेपा नावाचा फिल्टर असतो. चांगला हेपा ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण शंभरातले ९९.९७ अडवतो.

आणि वॅटला भुलू नका. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. ते ओढतं किती, हे त्यावरून कळत नाही. युरोपात २०१७ पासून ९०० वॅटच्या वरची घरगुती यंत्रं बाजारात आणायला बंदी केली. तरी तिथली घरं स्वच्छच आहेत. १४०० वॅटचं यंत्र सहा अँपियरपेक्षा जास्त वीज ओढतं. ते बारीक वायरच्या बोर्डावर लावू नका, मोठ्या पिनेच्या सॉकेटवरच लावा.

आता जोडायच्या तोंडांबद्दल. खोक्यात आठ-दहा निघतात, पण रोज लागतात तीनच. रुंद तोंड फरशी आणि सतरंजीला. चपटं, निमुळतं तोंड सोफ्याच्या फटीला, खिडकीच्या खाचेला आणि कपाटामागं. मऊ केसांचा गोल ब्रश जाळीला, पंख्याला आणि देवाच्या फोटोंच्या चौकटीला. गादीसाठी छोटं आडवं तोंड असेल तर उत्तम, कारण दम्याला त्रास देणारे बारीक किडे गादीतच राहतात. ते धागे धरून बसतात, यंत्रानं सगळे निघत नाहीत. त्यांची वरवरची घाण मात्र निघते. म्हणून गादीला ऊन द्यायचं आणि चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवायचे, हे यंत्र आलं तरी सुटत नाही. एक तोंड मात्र मी बांधून ठेवलं आहे, ते वारा फुंकायचं. घरात ते लावलं, की सगळं केलेलं काम पाण्यात.

साध्या यंत्रानं पाणी ओढू नका. चुलीची राख, विस्तव असलेली उदबत्ती ओढू नका, पिशवी पेटेल. सांडलेलं पीठही नको, फिल्टर लगेच बुजतो. पिशवी गच्च भरू देऊ नका. वारा अडला की ओढ कमी होते आणि मोटर तापते.

आणि शेवटचं. यंत्र चालू असताना दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवा. पिशवी काढणाऱ्या बाईनं नाका-तोंडाला रुमाल बांधावा, मग ती घरची सून असो की कामाला येणारी मावशी. तिलाही छाती आहे. आमच्या घरी आता पिशवी बदलायचं काम माझे मिस्टर करतात. त्यांना कुणी सांगितलं म्हणाल, तर आत्याबाईंनी.

लक्ष्मीपूजनाला मी अजूनही नवी केरसुणी आणते, हळद-कुंकू वाहते. अंगण तिचंच आहे. गादी, सोफा आणि आत्याबाईंची खोली मात्र यंत्राची. त्या रात्रीनंतर मी पिशवी कधी झटकली नाही. तुम्हीही झटकू नका.