फ्रेमचा तडा आणि हमीचा शब्द

मनुष्य बाजारातून वस्तू आणतो, तेव्हा वस्तुतः तो दोन गोष्टी घरी आणीत असतो. एक ती वस्तू, आणि दुसरा त्या वस्तूविषयी विकणाऱ्याने दिलेला शब्द. वस्तू नीट चालते तोवर त्या शब्दाची आठवण कोणास होत नाही. ती मोडली म्हणजे कपाटातले हमीपत्र शोधले जाते. आणि पुष्कळदा असे आढळते की, शब्द देणाऱ्यासच त्याची आठवण राहिलेली नाही.

बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या गावांवरून जातो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाचा हा मुलूख. मोटारसायकली वाढल्या तरी येथील सायकल नाहीशी झालेली नाही. शाळेस जाणारी मुले, जनावरांसाठी उसाच्या वाढ्यांचा भारा नेणारा शेतकरी, दुधाच्या किटल्या अडकवून फिरणारा दूधवाला, या साऱ्यांस तिचा आधार आहे. समजा, या रस्त्यावरील एखाद्या गावच्या गृहस्थाने बारामतीच्या पेठेतून आपल्या मुलासाठी नवी सायकल घेतली. हमीपत्रावर फ्रेमसाठी दोन वर्षांची हमी लिहिलेली होती. चौदाव्या महिन्यात सीटखालच्या सांध्यापाशी केसाएवढा तडा दिसू लागला. दुकानदाराने कंपनीस कळविले. कंपनीचे उत्तर आले, “गैरवापर झालेला दिसतो, सबब हमी लागू नाही.” आता त्या गृहस्थाने काय करावे?

अशा वेळी बहुतेक लोक दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काहीजण दुकानाच्या पायरीवर उभे राहून तावातावाने भांडतात. काहीजण कपाळावर हात मारून सायकल वेल्डिंगच्या दुकानी नेतात आणि तडा सांधून घेतात. पहिल्या उपायाने लाभ होत नाही. दुसऱ्याने प्रत्यक्ष हानी होते. कारण या सर्व वादात गृहस्थाच्या बाजूचा खरा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे तो तडा. वेल्डिंगच्या ज्वाळेत त्या साक्षीदाराची जबानी कायमची जळून जाते. शिवाय “फ्रेममध्ये परस्पर फेरफार केला,” असे म्हणावयास कंपनीस खरेखुरे निमित्त मिळते.

तडा काय सांगतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. सायकल कशावर आदळली, तर त्याच्या खुणा एका ठिकाणी राहत नाहीत. पुढचा चिमटा मागे वाकतो, हँडलखालच्या नळ्यांस फुगवटा येतो, रंगास सुरकुत्या पडतात, चाकाची रिम दबते. यांपैकी काहीच नसून केवळ सांध्याच्या कडेस तडा असेल, तर अपघाताचा आरोप लंगडा पडतो. धातूसही थकवा येतो. एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा येत गेला, तर पोलादात सूक्ष्म भेग पडते व ती हळूहळू वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. अशा तड्याचा पृष्ठभाग तज्ज्ञाने पाहिला, तर त्यावर पुष्कळदा एकामागून एक वक्र रेषा आढळतात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरू लागले म्हणजे इंदापूरच्या बाजूस काठावर जशा रेषा उमटतात, तशाच त्या असतात. त्या रेषा जेथून निघतात ते उगमस्थान महत्त्वाचे. तेथे जोडकामातील पोकळी किंवा अर्धवट धरलेला सांधा निघाला, तर दोष कारखान्यातला ठरतो. तथापि प्रमाणाबाहेर ओझे सतत वाहिल्यानेही धातू थकतो, हे विसरता कामा नये. म्हणून केवळ थकवा दाखवून भागत नाही. उगम दाखवावा लागतो.

सबब पहिले कर्तव्य हे की, सायकल चालविणे तत्काळ बंद करावे. त्यात जिवाचा धोका आहे, आणि तडाही वाढून ओळखू येईनासा होतो. त्यावरचा गंज खरवडू नये, रंग लावू नये. उजेडात जवळून व दुरून छायाचित्रे घ्यावीत. चिमटा, रिम व हँडल सरळ आहेत हेही त्यांत दिसावे. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक टिपून ठेवावा. पावती व हमीपत्र यांच्या नकला काढाव्यात. फ्रेम तपासणीसाठी द्यावी लागली, तर क्रमांक व तड्याची जागा लिहिलेली पोच घेतल्यावाचून ती हातची सोडू नये.

दुसरे कर्तव्य, नकाराचे कारण लेखी मागावे. तोंडी नकार वाऱ्यावर जातो. “गैरवापर” हा एक शब्द म्हणजे कारण नव्हे. कोणता गैरवापर, तो कशावरून ठरला, फ्रेम कोणी व केव्हा तपासली, आणि हमीपत्रातील कोणत्या अटीचा भंग झाला, हे चार प्रश्न सौम्य भाषेत दुकानदारास व कंपनीस विचारावेत आणि पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे. फ्रेम न पाहताच नकार दिला असेल, तर या प्रश्नांनी ते उघडकीस येते. मात्र गृहस्थानेही सत्यास धरून राहावे. मुलगा सायकलीवरून पडला असेल, तर तसे लिहावे. लपविलेली गोष्ट पुढे उघड झाली, म्हणजे खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

आता कायद्याकडे वळू. वस्तूंच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे, त्या जातीच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असता, तो विक्रीयोग्य प्रतीचा असला पाहिजे, ही अट न लिहिताही गृहीत धरली जाते. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसावयास हवा होता अशा दोषास ही अट लागू नाही. परंतु रंगाखालच्या सांध्यातील पोकळी कोणास दिसणार? त्याच कलमात असेही म्हटले आहे की, स्पष्ट हमी दिल्याने ही गृहीत अट नाहीशी होत नाही. दोहोंत विरोध असेल तेव्हाच ती बाजूस पडते. तात्पर्य, दुकानदारास “कंपनी जाणे आणि तुम्ही जाणा,” एवढे बोलून मोकळे होता येत नाही.

हा हक्क कागदावर होता, तरी सामान्य माणसास तो बजावणे कठीण होते. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली ती याच अडचणीतून. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यातील काही तरतुदी या गृहस्थाच्या फार उपयोगाच्या आहेत. ज्याने पैसे दिले तोच नव्हे, तर त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक होय. म्हणून सायकल बापाने घेतली व मुलाने चालविली, ही सबब चालत नाही. कंपनी दूर लुधियान्यास असली, तरी ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे बारामती-इंदापूरकरांस पुण्यास, तक्रार करता येते. मालाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती केली पाहिजे. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गाऱ्हाणे नोंदवून पाहावे. कित्येक तंटे तेथेच मिटतात.

ओझे वाहून पोट भरणाऱ्या दूधवाल्यास कंपनी कदाचित म्हणेल, “हा तर व्यापार, तुम्ही ग्राहकच नव्हे.” त्याचेही उत्तर आहे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्वतः राबून उपजीविका करण्यासाठी जो वस्तू घेतो, तो ग्राहकच राहतो. स्वतः रिक्षा चालविणाऱ्यास जो न्याय, तोच स्वतः दूध घालणाऱ्यास लागू पडावा. मात्र किटल्यांचे वजन हमीपत्रात लिहिलेल्या मर्यादेत होते की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर त्याच्यापाशी तयार असले पाहिजे.

दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च आरंभी तक्रारदारास भरावा लागतो. खटल्याचा निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी असल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात पुष्कळदा याहून अधिक काळ जातो. म्हणून काही हजारांच्या सायकलीसाठी हा मार्ग शेवटचा समजावा. त्याआधी यंत्रशास्त्र जाणणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडून, तड्यास धक्का न लावता पाहणी करून लेखी अभिप्राय मिळाला, तर तो पत्रासोबत जोडावा. बारामतीस अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. असा माणूस शोधण्यास दूर जावे लागू नये. पुराव्यानिशी लिहिलेल्या पत्रास “गैरवापर” एवढेच उत्तर पुन्हा देणे कोणत्याही कंपनीस जड जाते.

नकार आला म्हणजे हमी संपली असे मानून गप्प बसणे, यात त्या एका घराचेच नुकसान होते असे नाही. फ्रेममधला दोष एका सायकलीपुरता नसेल, तर त्याच जोडकामाच्या आणखी किती फ्रेमी रस्त्यावर असतील, आणि त्यांतील एखादी भरधाव उतारावर केव्हा दुभंगेल, हे कोणास ठाऊक? चिकाटीने केलेली एक तक्रार कारखान्यातील तो सांधा सुधारावयास कारण होऊ शकते. दुकानदाराचेही हित यातच आहे. तालुक्याच्या पेठेत गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचे असते. एका फ्रेमची किंमत वाचवून गमावलेली पत मात्र परत मिळत नाही.