थोड्या पैशांतली मुंबई



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सारे विषय शोभतात. त्या रांगेत ‘थोड्या पैशांत मुंबई कशी पाहावी’ हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. परंतु सुट्टी तोंडावर आली आहे, आणि इथे बसलेल्या निम्म्या घरांत सध्या एकच वाद चालू असेल. मुले म्हणतात मुंबई, कर्ता पुरुष म्हणतो परवडत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणून तर बोलायला उभे राहिलो.

मुंबईत महाग असते ती रात्र, दिवस नव्हे. मुक्कामाचा खर्च टळला की अर्धी लढाई जिंकली. रात्रीच्या गाडीने निघावे, पहाटे उतरावे, सामान स्थानकातल्या सामानघरात ठेवावे आणि रात्रीच्याच गाडीने परतावे. एखादा मुक्काम करायचाच असेल, तर मोठ्या स्थानकांवरच्या विश्रांतिकक्षांची चौकशी आधी करावी. राहता राहिले नातेवाईक. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील, तर तिथे आपण चौघांनी जाऊन पडणे म्हणजे आपला खर्च दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे होय. एक वेळ जेवायला जावे, सोबत घरचे तांदूळ नाहीतर फणसपोळी न्यावी, आणि वेळेवर उठावे.

फिरण्याची चिंता तर मुळीच नको. उपनगरी गाडीचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट आजही ५ रुपयांना मिळते. बेस्टच्या बसचे किमान भाडे २०१९ साली ५ रुपये झाले होते; मे २०२५ मध्ये ते साध्या बसला १० झाले. तरीही एवढ्या पैशांत एवढे दृश्य कुठल्या नाटकगृहात मिळत नाही. पथ्य एकच. सकाळी सारी मुंबई दक्षिणेकडे लोटते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. पाहुण्याने त्या लोंढ्याच्या आड येऊ नये. अकरानंतर चढावे. रविवारी फोर्टातले रस्ते मोकळे असतात, पण त्याच दिवशी रेल्वेची दुरुस्ती निघते; तेव्हा वेळापत्रक पाहून निघावे.

आता पाहायचे काय? आम्ही म्हणू, जिथे उतरलात तिथूनच सुरुवात करा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, अर्धा तास नुसते उभे राहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही वास्तू १८८७-८८ च्या सुमारास पुरी झाली आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. हे झाले पाठ्यपुस्तकातले. पण दरवाजाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसला आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. भिंतींवर मोर आहेत, माकडे आहेत, दगडी पाने-वेली आहेत, आणि त्यांतले बरेचसे नक्षीकाम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. रोज लाखो माणसे त्या मोरांखालून धावत जातात. त्यांना मान वर करायला फुरसत नाही, आपल्याला आहे. गरिबाच्या सहलीतली ही एक श्रीमंती आम्हांला फार मोलाची वाटते.

तिथून पायीच निघावे. फ्लोरा फाउंटन ओलांडून विद्यापीठाकडे वळले की राजाबाई टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने हा मनोरा बांधवला. १८७८ साली तो पुरा झाला. आईला दिसत नसे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम पाळता यावा म्हणून मुलाने तिच्यासाठी घड्याळाचे टोले उभारले, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, मनोऱ्याखाली उभे राहून मुलांना ती सांगावी.

पुढे काळा घोडा, आणि जहांगीर कलादालन. इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. आमच्या पहिल्या फेरीत त्या दारावरून आम्ही दोनदा गेलो आणि दोनदाही आत गेलो नाही. पायांत धुळकट चपला, हातात डब्याची पिशवी. काचेपलीकडची माणसे इस्त्रीच्या कपड्यांतली. आत जायला बरेच पैसे पडत असतील, असे आमचे आम्हीच ठरवून टाकले. विचारले मात्र नाही. परत येताना गाडीत एका सहप्रवाशाने सांगितले, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभ्या राहिलेल्या त्या दालनात जायला एक पैसाही लागत नाही! आम्हांला कोणी अडवले नव्हते. आम्हीच अडलो होतो, आणि मुलांनाही अडायला शिकवत होतो. खिशाची तंगी लपवता येते. ही सवय मुले बरोबर उचलतात.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा धाकटीलाच पुढे घातले. आत चित्रकार स्वतः एका कोपऱ्यात बसले होते. तिने बेधडक विचारले, “हे उलटं टांगलंय का हो?” आमचे तोंड गोरेमोरे झाले. ते गृहस्थ मात्र उठले, तिच्या उंचीला वाकून चित्राकडे पाहू लागले आणि म्हणाले, “थांब हं, बघू दे.”

जेवणाचे काय, म्हणाल. पहिल्या वेळेची दशमी-चटणी घरून न्यावी. दुपारी एखाद्या इराण्याकडे चहा आणि बनमस्का घ्यावा. संगमरवरी टेबलाशी थोडे टेकता येते, आणि दुखऱ्या पायांना त्याचे मोल चहाहून अधिक. संध्याकाळी वडापाव आहेच. मात्र चौपाटीवर मुलांना भेळ नाकारू नये. तेवढ्यासाठी चार पैसे सकाळपासून बाजूला बांधून ठेवावेत.

आणि समुद्र! त्याला तिकीट नाही. मलबार हिलवर बाणगंगेचे तळे आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडे, हे मुलांना नवल वाटते. तिथून उतरून गिरगाव चौपाटीवर यावे. १९२० साली लोकमान्यांना जिथे अग्नी दिला, तिथेच त्यांचा पुतळा उभा आहे. दिवे लागेपर्यंत वाळूत बसावे. मरीन ड्राइव्हचा तो वाकडा हार एकेक मण्याने पेटत जातो, तेव्हा घरच्या हिशेबाची वही कोणालाही आठवत नाही, निदान आम्हांला तरी आठवली नाही.

परतीच्या गाडीत आमच्या मुलांचे भांडण जुंपले. स्थानकाच्या भिंतीवर माकडे किती होती? थोरला म्हणे सात, धाकटी म्हणे नऊ. कर्जत गेले तरी ते मिटेना. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, “पुढच्या वर्षी मोजू,” आणि दोघेही झोपली.