धूर आणि बालपण



आम्ही डॉक्टर नाही. कामगार संघटनेचे कार्यकर्ते आहोत. तेव्हा मुलांच्या वाढीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर असे की, बालपण कोठे संपते हा प्रश्न कामगार चळवळीचा फार जुना प्रश्न आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलास कामावर घेण्याची मनाई केली. १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर, १९२२ साली बारांवर आणि १९४८ साली चौदांवर गेली. सातांचे चौदा व्हायला सदुसष्ट वर्षे लागली!

कायद्याने बालपणाची सीमा वर नेली. शरीरातील सीमा मात्र खाली सरकत आहे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, १९७७ ते २०१३ या काळात मुलींच्या स्तनांची वाढ सुरू होण्याचे वय दर दहा वर्षांना सुमारे तीन महिन्यांनी कमी होत गेले. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलींना न्हाण सोळाव्या-सतराव्या वर्षी येई. पुढे शंभर वर्षांत ते तेराव्यावर आले. त्यामागे मुख्यतः चांगले अन्न व कमी झालेली रोगराई होती. त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. परंतु भरल्या पोटाने आलेली वाढ वेगळी आणि अवेळी उठविलेली वाढ वेगळी.

या अवेळी उठविण्यात हवेतील धुराचा हात असावा, असा संशय आता बळावला आहे. कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा यांच्या ज्वलनातून केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक कण निघतात. ते फुप्फुसात खोलवर उतरतात आणि आपल्याबरोबर जी रसायने नेतात, त्यांतील काही शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक मुलींची माहिती तपासून २०२३ साली असे प्रसिद्ध झाले की, आईच्या पोटात असताना आणि बालपणी ज्यांच्या वाट्याला हे कण अधिक आले, त्यांना पाळी लवकर येण्याचा संभव काहीसा अधिक होता.

आता, खोट्या आरोपपत्रावर चौकशी टिकत नाही हे आम्ही जाणतो. म्हणून दुसरी बाजूही मांडतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यांवरचा धूर कमी झाला. तरी पुण्यातील आणि इटलीतील डॉक्टरांकडे अकाली वयात आलेल्या मुली अधिक संख्येने येऊ लागल्या. स्थूलपणा, बैठे जीवन, मनावरील ताण, आनुवंशिकता ही कारणेही आहेतच. धूर हा एकटा आरोपी नव्हे. पण म्हणून तो निर्दोष सुटतो असेही नाही.

शेवटचा पुरावा मिळेपर्यंत थांबा, असे कोणी म्हणेल. हे वाक्य आमच्या ओळखीचे आहे. कापडगिरणीतील तुसाने कामगाराची छाती भरे, तेव्हा त्याला ‘हे बिडीने झाले’ असे सांगत. पुरावा मिळाला तेव्हा फुप्फुसे गेलेली होती. मुलांच्या बाबतीत आम्ही ही चूक पुन्हा होऊ देणार काय?

कारण यात गमावण्यासारखे पुष्कळ आहे. फार लवकर वयात येणाऱ्या मुलाची हाडे लवकर जुळतात आणि उंची खुंटते. पाळी लवकर आलेल्या स्त्रियांत पुढे स्तनाचा कर्करोग व मधुमेह यांचे प्रमाण अधिक आढळते. त्याहून जवळचे दुःख घरातले आहे. आपल्याकडे न्हाण आले की ‘मुलगी शहाणी झाली’ म्हणतात. चौथीत शिकणारी, लगोऱ्या खेळणारी पोर एका दिवसात शहाणी कशी होईल? तिचे खेळणे बंद होते, कोठे शाळा सुटते, कोठे स्थळेही पाहू लागतात. शरीर लवकर वाढले म्हणून मन वाढत नाही, हे आपण मोठ्यांनी शहाणपणाने ओळखावयास हवे.

म्हणून घरासाठी आमचे सांगणे एवढेच: मुलीत आठव्या, मुलात नवव्या वर्षापूर्वी वयात येण्याची चिन्हे दिसली तर न लाजता, न रागावता डॉक्टरांकडे जा, उपचार आहेत. शेगडीचा धूर घराबाहेर काढा. अंगणात कचरा पेटवू नका.

आणि गावासाठी: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या बारीक कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी असे सांगितले, आपल्या देशाने २००९ साली घातलेली मर्यादा ४० ची आहे. निदान तेवढी तरी पाळली जाते की नाही, याचे आकडे शाळेच्या फलकावर लागलेच पाहिजेत.

कायद्याने मुलाला कारखान्याच्या फाटकावर अडविले. धुराला मात्र फाटक नाही. तो उंबरठा ओलांडून पाळण्यापर्यंत जातो. ज्या समाजाने सातांचे चौदा केले, त्याने हे फाटकही बांधावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.