ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही तेव्हा

आज आपण ट्रॅक्टरच्या सेल्फविषयी बोलू. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर. पुस्तकात तिला स्टार्टर म्हणतात.

आपल्या रत्नागिरीकडे शेतं लहान, बांध फार आणि वाटा उताराच्या. इथला ट्रॅक्टर खरा राबतो तो चिखलणीच्या दिवसांत. एरवी तो पुष्कळदा मांडवाखाली उभाच असतो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. लोखंडाला गंज चढतो, तांब्यावर हिरवा थर येतो. मग तरवा लावणीला येतो, मळ्यात पाणी भरतं, माणसं कामाला येऊन उभी राहतात, आणि चावी फिरवावी तर नुसतं 'टक'!

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. ते आतली हवा 16 ते 20 पट दाबतं. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. पण हवा एवढी दाबायची तर जोर लागतो. पूर्वी तो जोर माणूस हँडल मारून देत असे, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक मोटारीला बसला. पुढे ट्रॅक्टरलाही सेल्फ आला.

ट्रॅक्टरचा सेल्फ एका दमात शेकडो अँपिअर वीज ओढतो. दिव्याला थोडकीच लागते. म्हणून दिवा लागला की बॅटरी चांगली, असं समजू नये. बागेत पाण्याच्या नळीत पाला अडकला तर पाणी ठिबकतं, पण माडाचं आळं काही भरत नाही. तसंच इथं आहे.

हात लावण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. सेल्फ लागला नाही की काही जण खाली उभे राहून डिसमिस घेतात आणि सेल्फचे दोन बोल्ट जोडून देतात. इंजिन सुरू होतं खरं. पण गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर तिथल्या तिथं चालू लागतो, आणि मागचं चाक असतं बरोबर त्या माणसाच्या अंगाशी. पळायला वेळ मिळत नाही. अशानं माणसं मेली आहेत, आपल्या देशात आणि बाहेरही. चिखलणी एक दिवस उशिरा झाली तर चालेल. डिसमिस लावून ट्रॅक्टर सुरू करायचा नाही, आणि दुसरा करत असेल तर त्यालाही करू द्यायचा नाही.

आता तपासणी. ट्रॅक्टर सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर मोकळा करा. काही ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. तेव्हा तोही दाबून बघा. मग पुढचे दिवे लावा. एकानं बाजूला उभं राहून दिव्याकडे बघायचं, समोर नव्हे. दुसऱ्यानं सीटवर बसून चावी फिरवायची.

दिवा एकदम विझला किंवा अगदी मंद झाला आणि 'टकटकटक' असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. आमच्या मते आधी जोडच बघावेत, कारण त्याला पैसा लागत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार दिसेल. सांगाड्याला जाणारी तार आधी सोडा, मग दुसरी. सोडताना पाना दोन्ही टोकांना एकदम लागू देऊ नका. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून खार धुवा. ते पाणी बॅटरीच्या भोकात जाऊ देऊ नका. टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलिन लावा. जोडताना सांगाड्याची तार शेवटी. जवळ विडी ओढू नका. बॅटरीतून निघणारा वायू भडकतो.

पुष्कळ लोक इथंच थांबतात. सांगाड्याची तार दुसऱ्या टोकाला जिथं बोल्टनं धरली आहे, तिथं कोणी बघत नाही. तिथं खाली गंज किंवा रंग असतो. तो खरवडून लोखंड उघडं करा. खाऱ्या हवेत ही जागा फार फसवते.

एवढं करूनही तेच, तर बॅटरी चार्जिंगला द्या. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना मीटरवर 12.6 च्या आसपास दाखवते.

दिवा लखलखीत राहिला आणि आवाजच नाही, तर चावीचा स्विच किंवा तिथून येणारी बारीक तार बघा. 'टक' वाजलं, दिवा तसाच राहिला, तर सेल्फवरच्या सॉलेनॉइडचे आतले तांब्याचे तुकडे जळलेले असतात, नाहीतर मोटरचे कार्बन झिजलेले. हे काम मिस्त्रीचं. बदललेले जुने कार्बन मात्र मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

सेल्फ 'घुर्र' फिरतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा त्याचं दातेरी चाक गंजून अडकलेलं असतं. आणि इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही, तर सेल्फला बोल लावू नका. डिझेल आणि नळीतली हवा तपासा.

एक चाल कोकणातलीच. उभ्या सायलेन्सरवर पावसात डबा पालथा घातला नसेल, तर पाणी इंजिनात उतरतं. पाणी हवेसारखं दबत नाही. अशा वेळी सेल्फ एकदम 'ठप्प' करून थांबतो. तिथं हट्टानं चावी फिरवू नका, धक्काही मारू नका, उतारावरूनही सोडू नका. आतला दांडा वाकतो, आणि मग खर्च सेल्फच्या कितीतरी पट. मिस्त्रीला बोलवा.

एरवीही चावी 10 सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. मध्ये मिनिटभर थांबावं, मोटर निवू द्यावी. लावणी संपली की सांगाड्याची तार सोडून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्यावी.