घरातील संगणकजाळे आणि त्याचे कुलूप



ग्रामीण भागात इंटरनेटची सोय पोहोचावी म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने एक योजना मंजूर केली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या योजनेने ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतींपर्यंत नेली. आज शिक्षकाच्या घरी विद्यार्थ्यांच्या याद्या मोबाईलमध्ये असतात. वित्त आयोगाच्या निधीतील देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या अंकीय स्वाक्षरीने अदा होतात. दप्तर कपाटातून संगणकात आले. परंतु कपाटाला कुलूप लावण्याची जुनी सवय मात्र त्याच्याबरोबर आली नाही. प्रश्न आहे तो येथेच.

घरात येणारी तार ज्या पेटीला जोडलेली असते, तिला राउटर म्हणतात. मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच, दारावरचा कॅमेरा ही सर्व साधने या पेटीतूनच बाहेरच्या जगाशी बोलतात. राउटर म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा होय. हा दरवाजा सताड उघडा असेल तर आतल्या खोल्यांची कुलुपे फार काळ पुरत नाहीत.

कारखान्यातून निघताना अनेक साधनांना एकच ठराविक परवलीचा शब्द दिलेला असे, आणि स्वस्त साधनांत तो आजही आढळतो. हा शब्द माहीतगारांना पाठच असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने अशा सुमारे साठ ठराविक जोड्या वापरून जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राउटर आपल्या कह्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याकरवी अमेरिकेतील एका सेवेवर एवढा मारा झाला की, अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. आपल्या घरचा कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे, याची मालकांना गंधवार्ताही नव्हती. या अनुभवानंतर काही देशांनी कायदे केले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती साधनांना सहज ओळखता येणारा ठराविक परवलीचा शब्द देण्यास मनाई आहे.

म्हणून पहिले काम हे की, राउटर बसविताच त्याच्या व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द बदलावा. वाय-फायचा शब्द त्याहून वेगळा व लांब असावा. मुलाचे नाव वा जन्मसाल यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडणे अधिक सुरक्षित ठरते, आणि ते लक्षातही राहतात. सुरक्षेची पद्धत निवडताना डब्ल्यूपीए-३, ती नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावी. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालीच निकामी ठरली आहे. पाहुण्यांसाठी आणि कॅमेरा-दूरचित्रवाणीसाठी राउटरमध्ये स्वतंत्र जाळे ठेवता येत असेल, तर ते अवश्य ठेवावे.

दुसरे काम सुधारणा वेळेवर बसविण्याचे. मार्च २०१७ मध्ये विंडोज प्रणालीतील एक उणीव दूर करणारी सुधारणा प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांपैकी असंख्य संगणक १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने बंद पाडले. ब्रिटनमधील रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जूनअखेर त्याच उणिवेचा अन्य मार्गांसह उपयोग करणारा दुसरा हल्ला झाला आणि त्याची झळ थेट न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली. विंडोज-१० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती वापरणाऱ्या कार्यालयांनी पुढील सोय करणे अगत्याचे आहे.

तिसरे काम नकलेचे. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी. जोडलेली डिस्क संगणकाबरोबरच गमावण्याचा संभव असतो. अंकीय स्वाक्षरीचे साधन आणि त्याचा पिन संगणकचालकाच्या हवाली करणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखेच होय. काम संपताच ते काढून घ्यावे. मोबाईलवर येणारा ओटीपी कोणालाही, बँकेचा म्हणविणाऱ्यालाही, सांगू नये.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर संकोचाने गप्प राहू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेवढी वाढते. केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून घातक आज्ञावली काढून टाकणारी साधने विनामूल्य मिळतात.

या उपायांना फारसा खर्च नाही. लागतो तो थोडा वेळ आणि नियमितपणा. शाळेत शिक्षकाने ही माहिती मुलांना एका तासात सांगितली, तर ती त्याच सायंकाळी घरोघरी पोहोचेल. ग्रामसभेत सदस्यांनी हा विषय घेतला, तर गावाचे दप्तर आणि गावकऱ्यांची पुंजी दोन्ही सुरक्षित राहतील.