वस्तीवरचा उजेड : आधी हिशेब, मग पॅनेल
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



28 एप्रिल 2018 रोजी देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचल्याचे सरकारने जाहीर केले. गाव विद्युतीकृत कशाला म्हणायचे, याची व्याख्या 2004 सालची. शाळा, पंचायत अशा जागी आणि शंभरातल्या दहा घरांत वीज आली, की झाले गाव विद्युतीकृत! शेतातली आपली वस्ती त्या दहांत कुठून येणार? लाईन कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण पहाटे धार काढायला उजेड लागतो, अंधारात पायाखाली काय आहे ते दिसावे लागते, पोरांना अभ्यासाला दिवा लागतो. म्हणून आपण सौर संच घ्यायला निघतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न काय विचारतो? "एक किलोवॅट केवढ्याला?" पिकाचा भाव मागण्याआधी आपण उत्पादन खर्च मांडतो ना? मग इथेही घराची रोजची गरज आधी मांडली पाहिजे.

आपण मांडूनच पाहू. 9 वॅटचे 5 एलईडी दिवे, 5 तास : 225. साधे 75 वॅटचे 2 पंखे, 10 तास : 1500. लहान टीव्ही 40 वॅटचा, 4 तास : 160. मोबाईल : 15. बेरीज 1900, म्हणजे रोज जवळजवळ दोन युनिट. आता फक्त पंखे बदला. 30 वॅटचे बीएलडीसी पंखे लावले की 1500 चे 600 होतात आणि बेरीज येते 1000, म्हणजे एक युनिट. पंख्याला थोडे जास्त पैसे पडले, तरी पॅनेल आणि बॅटरी निम्म्यावर आली.

एका युनिटाला पॅनेल किती? 500 वॅटचे धरा. उघडीप असली तर घट वजा जाता ते दीड युनिटाच्या पुढे देते. आषाढातल्या दाट ढगात पाऊण युनिट निघाले तरी पुष्कळ. म्हणून हिशेब उन्हाळ्याचा न धरता पावसाळ्याचा धरावा, आणि बॅटरी दोन दिवस पुरेल अशी घ्यावी.

खरा खर्च बॅटरीचा आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी तितकी टिकत नाही. 12 व्होल्ट 150 एएचच्या शिशाच्या बॅटरीत 1.8 युनिट मावतात, पण निम्मीच वापरली तर ती टिकते. म्हणजे आपल्याला दोन लागतील. त्यांना डिस्टिल्ड पाणी घालावे लागते, आणि त्या चुलीपासून दूर, वारा खेळेल अशा जागी ठेवाव्या लागतात. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग, पण तिच्यातली 80 टक्के वीज वापरता येते आणि ती जास्त वर्षे चालते. किंमत भागिले गॅरंटीची वर्षे, असा भागाकार दोन्हींचा करा आणि मग ठरवा.

घराच्या बॅटरीवर मोटार लावू नका. 3 एचपीची मोटार तासाभरात दोन युनिटांहून जास्त खाते, म्हणजे घराची दोन दिवसांची वीज एका तासात संपली. पाण्यासाठी सौर पंप वेगळा घ्या. तो दिवसा थेट पॅनेलवर चालतो, पाणी टाकीत साठते. 2024 साली आलेल्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के ठेवला आहे. त्याच वर्षीच्या सूर्यघर योजनेचे अनुदान मात्र लाईनला जोडलेल्या घरांसाठी आहे. वस्तीचा हिशेब त्याच्या भरवशावर करू नका.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला ठेवा, झाडाची सावली पडू देऊ नका, धूळ सकाळी पुसा. गॅरंटी पावतीवर लिहून घ्या.

आणि शेवटचे. संच बसला म्हणून लाईनचा अर्ज मागे घेऊ नका. सौर दिवा ही आपली आजची सोय आहे. लाईन हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. आज घरी गेल्यावर कागद घ्या, घरातल्या बाईमाणसांना विचारून एकेक दिवा, एकेक तास लिहा. तो कागद हातात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.